घडवणारा कोच की मोट बांधणारा?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘माझं माहेर कोल्हापूर. मुलगा इथेच जन्मला, वाढला. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा स्टुडंट मॅनेजर, म्हणजे संघाची पडेल ती कामं करणारा विद्यार्थी, आहे. सीझन संपला आणि पंधरा दिवसांत नऊ खेळाडू दुसऱ्या कॉलेजांत निघून गेले. पाठोपाठ हेड कोचही गेले. तरी हा म्हणतो, मला कोचच व्हायचंय. त्याचे बाबा म्हणतात, जिथे खेळाडू टिकत नाहीत तिथे तुझी नोकरी काय टिकणार? माझ्या आजोबांच्या तालमीत वस्ताद एकेका पठ्ठ्याला दहा-दहा वर्षं सांभाळायचे. हे कसलं कोचिंग? आम्ही त्याला अडवावं का?’

ताई, अडवू नका. पण तो ज्या कामाचं स्वप्न बघतोय ते काम आज नेमकं काय आहे, हे त्याला नीट बघू द्या. कारण गेल्या सात-आठ वर्षांत ते मुळापासून बदललं आहे.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. खेळाडू निघून जातात म्हणून त्यांना बेइमान म्हणू नका. पूर्वीचा नियम असा होता की बास्केटबॉलच्या खेळाडूने कॉलेज बदललं की त्याला एक अख्खं वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे. त्याला संघात आणणारा कोच मात्र जास्त पगार मिळाला की एका रात्रीत दुसरीकडे रुजू व्हायचा, त्याला असं बसावं लागत नसे. हा अन्याय होता, आणि तो दूर झाला हे बरंच झालं. 2018 च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू झालं. 2021 मध्ये एकदा न थांबता बदलीची मुभा मिळाली. 2024 मध्ये, कोर्टाचे फटके बसल्यावर, अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा. मध्येच 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025 च्या जुलैपासून तर कॉलेजच त्यांना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा, तीही त्या कॉलेजच्या सगळ्या खेळांत मिळून. पैसा आणि मोकळीक एकदमच आली. 2025 च्या वसंतात पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या, पुरुष बास्केटबॉलमधून दोन हजारांहून जास्त खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव घातलं. तुमच्या मुलाच्या संघातले नऊ जण त्या लोंढ्यातलेच समजा.

आता कोचचं काय झालं ते बघा. व्हर्जिनिया विद्यापीठाला 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट 2024 च्या ऑक्टोबरात, सीझन तोंडावर आलेला असताना, बाजूला झाले. या नव्या वातावरणात संघ चालवायला आपण योग्य माणूस उरलो नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ते खरोखर तुमच्या आजोबांच्या वस्तादांच्या जातीचे कोच. मुलगा अठराव्या वर्षी यायचा, पहिलं वर्ष बरेचदा नुसतं शिकायचा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी संघाचा खांब व्हायचा. त्यांचं जाणं मला लागलं, आजही लागतं.

पण त्याच वर्षी केंटकी विद्यापीठात काय झालं? मार्क पोप हेड कोच म्हणून आले आणि शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू राहिला नाही. त्यांनी वेगवेगळ्या कॉलेजांतून माणसं आणली, मोट बांधली आणि तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळात पोहोचला. हेच पोप विद्यार्थी असताना वॉशिंग्टन विद्यापीठातून केंटकीला आले होते आणि जुन्या नियमाने वर्षभर बसले होते. 2025 चं विजेतेपद फ्लोरिडाने जिंकलं, त्या संघातले वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेले, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. लहान कॉलेजांनी रोप वाढवायचं आणि मोठ्यांनी ते उपटून आपल्या वाफ्यात लावायचं, असं चाललं आहे. लहान कॉलेजच्या कोचची घालमेल यात सगळ्यात जास्त. त्याने मुलगा चांगला घडवला की तो जाणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी मार्गदर्शनाला आलेला एक मुलगा आज अशाच एका लहान कॉलेजात व्हिडिओ कोऑर्डिनेटर आहे. एप्रिलमधली त्याची एक रात्र कशी गेली ते त्याने मला फोनवर सांगितलं. खेळाडूने बदली मागितली की कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये घालायचं, आणि ते दिसेपर्यंत दुसऱ्या कोचने त्याच्याशी बोलायचंही नाही, असा नियम. रात्री नऊला एका गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूचं, नाव दिसलं. हेड कोचला सकाळी सातला फोन करायचा होता. याने सिनर्जी या सामन्यांच्या व्हिडिओंच्या सेवेवर त्या मुलाचे पिक अँड रोलचे (सहकाऱ्याची आड घेऊन पुढे घुसण्याच्या डावाचे) सगळे क्लिप काढले. मुलगा डावीकडे गेला की पास उशिरा देतो, हे दोनच्या सुमारास ध्यानात आलं. केनपॉम आणि टॉर्विक या आकडेवारीच्या वेबसाइटांवरचे आकडे शेजारी मांडले. मग त्या मुलाच्या शाळेच्या कोचला निरोप टाकला, ‘हरल्यावर बसमध्ये कसा असतो?’ पूर्वी कोच अशा मुलाला दोन-तीन वर्षं जिममध्ये जाऊन बघायचे, त्याच्या आईच्या हातचं जेवायचे. आता चार दिवस मिळतात. याने एक पान लिहिलं आणि ऑफिसातल्या फरशीवर आडवा झाला.

ताई, ते एक पान लिहिता येणं हेच आजच्या कोचिंगचं पहिलं शिक्षण आहे. म्हणून मुलाच्या बाबांना सांगा, कॉम्प्युटर सायन्स सुटता कामा नये, हे मीही म्हणते. पण ती पदवी कोचिंगची सवत नाही. आकडे वाचणारा, क्लिप कापणारा, पैशाचा हिशेब जुळवणारा माणूस आज प्रत्येक संघाला हवा आहे. ड्यूकने 2022 मध्येच बास्केटबॉल संघासाठी जनरल मॅनेजर, म्हणजे मैदानाबाहेरचा कारभार बघणारा माणूस, नेमला. रेचल बेकर त्यांचं नाव. 2024 मध्ये नामवंत पत्रकार एड्रियन वोजनारोव्स्की आपली नोकरी सोडून सेंट बोनाव्हेंचरसारख्या छोट्या कॉलेजचे जनरल मॅनेजर झाले. ही पदं दहा वर्षांपूर्वी कॉलेजात कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. शिवाय 2023 च्या जुलैपासून प्रत्येक संघाला मैदानात शिकवणारे आणखी दोन कोच ठेवता येतात. म्हणजे तरुणांना शिरायला जागा आहे.

आणि स्टुडंट मॅनेजर म्हणजे टॉवेल उचलणारा, असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा. कोच डस्टी मे विद्यार्थी असताना इंडियाना विद्यापीठात नामवंत कोच बॉब नाइट यांच्या संघाचे स्टुडंट मॅनेजर होते. 2023 मध्ये त्यांनी फ्लोरिडा अटलांटिकला शेवटच्या चारांत नेलं. मग आदल्या सीझनला 8 विजय आणि 24 पराभव अशी दैना झालेला मिशिगनचा संघ हाती घेतला आणि पहिल्याच वर्षी 27 सामने जिंकले. ते जमलं बदलून आलेल्या खेळाडूंच्या जोरावर: व्लादिस्लाव गोल्डिन फ्लोरिडा अटलांटिकहून त्यांच्यासोबत आले, डॅनी वुल्फ येलहून. ऑक्टोबरात एकमेकांना नीट न ओळखणारी मुलं मार्चमध्ये एकमेकांसाठी जीव टाकतात, हे घडवणं सोपं नाही. वस्तादाचं काम संपलेलं नाही, फक्त दहा वर्षांचं काम पाच महिन्यांत करायचं आहे.

बाबांची नोकरीची चिंता मात्र खोटी नाही. हेड कोच गेला की त्याचे सगळे साहाय्यक बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. पहिली काही वर्षं पगार तुटपुंजा, गाव दर दोन वर्षांनी नवं. म्हणून मर्यादा ठरवा: पदवी पूर्ण, मग शिकता शिकता संघात काम करणारा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून दोन वर्षं, म्हणजे मास्टर्सही पदरात पडेल. तोवर पाय रोवले गेले नाहीत तर डेटाची नोकरी कुठे जात नाही. त्याचा जीव खरोखर एकाच मुलाला चार वर्षं घडवण्यात असेल, तर त्याने तिसऱ्या डिव्हिजनची कॉलेजं आणि शाळांचे संघ बघावेत. तिसऱ्या डिव्हिजनला खेळाच्या शिष्यवृत्त्याच नाहीत, त्यामुळे पैशाची ओढाताणही कमी. तिथे जाणं म्हणजे खाली उतरणं, असं मी मुळीच मानत नाही.

त्याला एक काम द्या. गेलेल्या नऊ जणांपैकी एक निवडायचा आणि त्याच्यावर एक पान लिहायचं: तो काय करतो, काय करत नाही, नव्या संघात कुठे बसेल आणि तो का गेला. शेवटच्या प्रश्नासाठी त्या मुलाला स्वतः फोन करायचा. पान झालं की माझ्याकडे पाठवा, मी वाचून त्याच्याशी बोलेन.