ट्यूब पेडल: वाचक विचारतात

गिटार आणि ॲम्पच्या मधे पायाखाली ठेवायच्या, आत ट्यूब (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) असलेल्या जुन्या प्रीॲम्प पेडलांबद्दल गेल्या काही दिवसांत बरीच पत्रं आली. बहुतेकांना 'कोणती ट्यूब चांगली' हे हवं आहे. माझ्या टेबलावर असं पेडल आलं की मी ट्यूबवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचतो. आधी बघतो ते तिला मिळणारं व्होल्टेज. म्हणून उत्तरांची सुरुवात तिथूनच करतो.

१९९०च्या दशकातलं एक ट्यूब पेडल मी वापरलेलं विकत घेतलं. विकणारा म्हणाला, अस्सल ट्यूबचा आवाज आहे. मित्र म्हणतो, ट्यूब नुसती दाखवायला असते, काम सगळं चिप करते. उघडून पाहिलं तर ट्यूबशेजारी खरंच दोन चिप दिसल्या. मी फसलो का?

नाही. पण तुम्हाला नेमकं काय मिळालं आहे, ते समजून घ्या.

अशा पेडलांत बहुतेक वेळा १२एएक्स७ असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. आरसीएनं ही ट्यूब १९४७ साली आणली आणि आजही गिटारच्या ॲम्पमध्ये सगळ्यात जास्त तीच दिसते. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग असतात: कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, ॲनोडवर पोचतात आणि मधली ग्रिड त्यांचा ओघ कमी-जास्त करते. ॲम्पमध्ये तिला २५० ते ३०० व्होल्टचा पुरवठा असतो, त्यातले दीड-दोनशे व्होल्ट प्रत्यक्ष ॲनोडवर राहतात आणि ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण दीड व्होल्ट खाली बसते. आता ट्यूब कुठे बंद पडते, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. ॲनोडच्या व्होल्टेजला ट्यूबच्या गुणकानं, म्हणजे ती सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते त्या आकड्यानं, भागायचं. १२एएक्स७चा गुणक १००. म्हणजे २०० व्होल्टवर ग्रिड दोनेक व्होल्ट खाली गेली की ट्यूब बंद व्हायला लागते. गिटारचा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) जोरात तार छेडल्यावरही एखाद्या व्होल्टच्या आसपासच देतो, त्यामुळे पहिल्या ट्रायोडमध्ये सुराला हातपाय पसरायला जागा असते.

हीच ट्यूब ३० व्होल्टवर चालवली तर तो आकडा ०.३ व्होल्टवर येतो. मध्यम ताकदीचा स्ट्रोकसुद्धा एका बाजूनं ट्यूब बंद पडण्याच्या हद्दीला टेकतो आणि दुसऱ्या बाजूनं ग्रिडमधून करंट वाहायला लागतो. लहर दोन्ही टोकांना गोल होते, दबते. शिवाय इतक्या कमी व्होल्टेजवर ट्यूबची वाढवण्याची ताकदही घटते. तिची भरपाई करायला तुम्हाला दिसलेल्या चिप आहेत. त्या सिग्नल वाढवून ट्यूबच्या तोंडाशी आणून देतात आणि ट्यूब त्याला आकार देते.

याला फसवणूक म्हणायला मी तयार नाही. ब्रेंट बटलर यांचं 'ट्यूब ड्रायव्हर' याच पद्धतीचं आहे: चिप, आणि जोडीला कमी व्होल्टेजवरची १२एएक्स७. चँडलर या नावानं ते बरंच खपलं. एरिक जॉन्सन आणि डेव्हिड गिलमोर या गिटारवादकांनी ते वापरलं. लांबवलेल्या एकट्या सुराखाली येणारी ती दाट, थोडी दबलेली साय मला फार आवडते आणि नुसत्या चिपमधून ती तशी ऐकल्याचं मला आठवत नाही.

दुसरी जात आहे ती मेन्सवर, म्हणजे थेट भिंतीतल्या विजेवर चालणारी आणि आत खरं उच्च व्होल्टेज असलेली. मॅचलेसचं 'हॉटबॉक्स', सोल्डानोचं 'सुपरचार्जर जीटीओ' ही त्यातली. हे म्हणजे ॲम्पचा पुढचा भागच पायाखाली ठेवलेला. हलका स्ट्रोक स्वच्छ येतो, जोर वाढवला तसा आवाज फुटत जातो आणि मधल्या पायऱ्या कानाला मोजता येतात.

तुमचं पेडल कोणत्या जातीचं, हे असं पाहा. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) मध्यावर ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणा. उच्च व्होल्टेजचं पेडल बहुधा लगेच स्वच्छ होतं. कमी व्होल्टेजच्या पेडलात थोडी खरखरीत किनार मागे राहते. आणि मित्राच्या शंकेसाठी आणखी एक चाचणी: पेडल बंद करा, प्लग काढा, ट्यूब गार होऊ द्या, मग ती उपसून पेडल पुन्हा चालू करा. आवाज थांबला किंवा पार बदलला, तर ट्यूब कामाची आहे. जसाच्या तसा आला, तर मित्राचं म्हणणं खरं. ट्यूब लाल-नारिंगी दिसते यावर मात्र विसंबू नका, काही पेडलांत तिच्यामागे नारिंगी एलईडी लावलेला असतो.

नावावरही जाऊ नका. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या १९७०च्या दशकातल्या 'हॉट ट्यूब्ज'मध्ये एकही ट्यूब नव्हती, सीमॉस चिप होती. एकोप्लेक्स या टेपवरून प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राचं ईपी-२ मॉडेल ट्यूबचं, पण ज्याच्या नुसत्या प्रीॲम्पसाठी गिटारवादक आजही जीव टाकतात ते ईपी-३ ट्रान्झिस्टरचं. मी ट्यूबवर प्रेम करणारा माणूस आहे, तरी ईपी-३चा आवाज ऐकून कोणी त्याला कमी लेखलं तर मला पटत नाही.

काका, मला बाबांच्या मित्रानं त्यांचं जुनं ट्यूब पेडल दिलं, पण त्याचा ॲडॉप्टर हरवला आहे. जॅकजवळ '९ व्ही' एवढंच नीट वाचता येतं. माझ्याकडे बाकीच्या पेडलांचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर आहे. तो लावू का?

लावू नकोस. आधी त्या '९ व्ही'च्या शेजारी टॉर्च मारून बघ. लहान नागमोडी रेघ असेल तर पेडलला एसी लागतो. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. ट्यूबच्या जुन्या पेडलांपैकी बरीच एसी मागतात, कारण आतली डायोड आणि कंडेन्सरची साखळी त्या ९ व्होल्ट एसीचं टप्प्याटप्प्यानं मोठं व्होल्टेज करते. तिला डीसी दिलास तर व्होल्टेज चढतच नाही. ट्यूब कदाचित पेटलेली दिसेल आणि आवाज मेलेला असेल. उलट डीसीच्या पेडलला एसी दिलास तर कंडेन्सर आणि चिप जाऊ शकतात. खूण पुसली असेल तर अंदाज करू नकोस, पेडल उघडून वाचू शकणाऱ्या माणसाला दाखव.

दुसरी गोष्ट करंटची. साध्या ओव्हरड्राइव्ह (आवाज फोडणाऱ्या) पेडलला १०-२० मिलिॲम्पिअर पुरतात. १२एएक्स७चा नुसता हीटरच (ट्यूब तापवणारी तार) ६.३ व्होल्टला ३०० मिलिॲम्पिअर घेतो, किंवा १२.६ व्होल्टला १५०. म्हणून ही पेडलं बॅटरीवर चालत नाहीत. नऊ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास असतात, ती दोन तासही टिकायची नाही. ॲडॉप्टरवरचा मिलिॲम्पिअरचा आकडा पेडलच्या गरजेपेक्षा जास्त असला तर काही बिघडत नाही, पेडल हवं तेवढंच ओढतं. कमी असला तर हीटर अर्धवट तापतो आणि आवाज बारीक, निर्जीव येतो. 'ट्यूब गेली' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पेडलांपैकी कितीतरी नुसत्या योग्य ॲडॉप्टरनं बरी होतात.

आणि ९ व्होल्टचा साधा एसी ॲडॉप्टर रिकामा मोजलास तर मीटरवर ११ च्या आसपास दिसेल. घाबरू नकोस, पेडल जोडल्यावर तो खाली येतो.

माझं मेन्सवर चालणारं ट्यूब प्रीॲम्प पेडल सतत गुणगुणतं. गिटारची केबल काढली तरी तेच. कुठून सुरुवात करू?

तुमच्या कानापासून. जिथे मेन्स ५० हर्ट्झचा आहे तिथे गुणगुण दोनच सुरांत येते: ५० किंवा १००. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ९८ हर्ट्झचा आहे. तो वाजवा आणि गुणगुणीशी ताडून पाहा. सूर जवळपास जुळला तर १०० हर्ट्झ आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतरचे (एसीचा डीसी झाल्यावर तो सपाट करणारे) फिल्टर कंडेन्सर सुकले असण्याची दाट शक्यता. वीस-तीस वर्षांच्या पेडलात हे व्हायचंच, आणि ते बदलणं हाच इलाज. गुणगुण त्या जीच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ. मग हीटरच्या तारा, अर्थिंग, ॲम्पबरोबर झालेला ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन तयार झालेलं वर्तुळ) किंवा ट्यूबमध्येच हीटर-कॅथोडची गळती, असा शोध घ्या. ६० हर्ट्झच्या मेन्सवर १२० हर्ट्झसाठी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी जवळ पडतो.

गुणगुण थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आवाज थांबेलही, पण बिघाड झाला तर तो करंट तारांवरच्या तुमच्या बोटांतून जाईल. १२० व्होल्टसाठी बनलेलं पेडल २३० वर थेट लावायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा.

१२एएक्स७च्या जागी दुसरी ट्यूब घालून गेन कमी करता येतो असं ऐकलं. कोणती घालू? आणि टेलिफंकन कंपनीच्या जुन्या ट्यूबला इतके पैसे मोजावेत का?

येतो, आणि हा प्रयोग मनापासून सुचवतो. ५७५१चा गुणक ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा चाळिशीच्या वर, १२एयू७चा २० च्या आसपास. चौघींचे पाय १२एएक्स७सारखेच लागतात. पेडलचा गेन पहिल्या पावातच संपत असेल तर ५७५१ पासून सुरू करा. फेंडरच्या जुन्या ट्वीड डीलक्समध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती, त्या हातावर नाचणाऱ्या आवाजाकडे जायचं असेल तर ती बसवा. १२एयू७ बऱ्याच पेडलांत मला फार मवाळ वाटली. मात्र पायांचा सॉकेट सारखा दिसतो म्हणून ईसीसी८८ किंवा रशियन ६एन२पी घालू नका, त्यांच्या हीटरची जोडणी वेगळी आहे.

टेलिफंकनबद्दल: अस्सल ट्यूबच्या तळाशी, पायांच्या मधोमध, काचेतच उठवलेली चौकटच्या आकाराची खूण असते. काचेवरचं छापील नाव कोणीही छापू शकतं, ती खूण उठवणं अवघड. जुन्या छपाईला बोटही लावू नका, चटकन पुसली जाते. पण कमी व्होल्टेजच्या पेडलसाठी मी महागडी जुनी ट्यूब घेणार नाही. तिथे ट्यूब मुळात ज्यासाठी बनलेली नाही अशा टोकाला चालते, म्हणून नावापेक्षा नग महत्त्वाचा. आजच्या चार साध्या ट्यूब घ्या, एकेक लावा, पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं काचेवर हलकेच टिचकी द्या. ॲम्पमधून 'टण्ण' असा घंटेसारखा नाद लांबला तर ती मायक्रोफोनिक आहे, बाजूला ठेवा. नुसता बारीक 'टक्' चालतो. उरलेल्यांतून कानाला आवडेल ती निवडा.

नॉब फिरवताना खरखर येते. स्वतः उघडून साफ करू का?

कमी व्होल्टेजचं पेडल असेल तर करा. पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) पाठीमागच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, मग नॉब टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. ट्यूब थोडी डोलवत काढून दोन-तीनदा आत-बाहेर केली की सॉकेटचे संपर्कही घासले जातात. साफ केल्यावरही एकाच पॉटची खरखर राहिली तर त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा) डीसी गळतोय का ते मोजून घ्या. हे फार जण विसरतात आणि चांगला पॉट उगाच बदलतात.

मेन्सवरचं किंवा आत व्होल्टेज चढवणारं पेडल असेल तर मीटर वापरता येत नसलेल्यानं झाकण काढू नये. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट बसून राहू शकतात. ज्यांना येतं त्यांनी १०० किलोओहमचा, दोन वॅटचा, टोकं नीट इन्सुलेट केलेला रेझिस्टर कंडेन्सरवर अर्धा मिनिट धरावा, दुसरा हात खिशात ठेवावा आणि मग मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आल्याचं बघितल्याशिवाय काहीही शिवू नये. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय असेल तर सोडा.

ट्यूब प्रीॲम्प पेडल ॲम्पच्या इनपुटला लावावं की मागच्या रिटर्नला?

दोन्हीकडे लावून पाहा, पण लेव्हलकडे लक्ष ठेवा. इनपुटला लावलं तर तुमच्या ॲम्पचा प्रीॲम्प त्यावर आणखी एक रंग चढवतो, तेव्हा पेडलचा आउटपुट कमी ठेवा. रिटर्नला लावलं तर ॲम्पचा पुढचा भाग बाजूला पडतो आणि पेडलचा स्वतःचा टोन ऐकू येतो. प्रीॲम्प म्हणून बनलेल्या पेडलला मी हीच जागा देतो. थेट मिक्सरमध्ये घालायचं असेल तर मधे कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) हवाच. गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळतो. तो नसला की तेच सुंदर ओव्हरड्राइव्ह कानाशी भणभणतं आणि लोक बिचाऱ्या पेडलला नावं ठेवतात. पेडलवर 'रेकॉर्डिंग आउट' असेल तर आधी तो वापरून पाहा, अनेकदा हे गाळणं त्यातच केलेलं असतं.