वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियन पुस्तके तुर्की भाषेत

प्रश्न : ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तान यांचा संबंध म्हटला की पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिक तुर्कांविरुद्ध लढले ती गॅलिपोलीची लढाईच आठवते. ऑस्ट्रेलियन साहित्य तुर्कीत जाते तेव्हा ते या लढाईपुरतेच राहते का? आणि भाषांतरात त्याचे काय होते?
– एक वाचक, मिरज

उत्तर : लढाईचा संबंध आहेच. मेलबर्नला जन्मलेल्या अ‍ॅलन मूरहेड यांचे १९५६ सालचे ‘गॅलिपोली’ हे पुस्तक तुर्कीत ‘चानाक्काले गेचिल्मेझ’, म्हणजे ‘चानाक्काले ओलांडता येत नाही’, या नावानेही निघाले. चानाक्काले हे दार्दानेल्स सामुद्रधुनीवरचे शहर, आणि तुर्क या लढाईलाही याच नावाने ओळखतात. १८ मार्च १९१५ रोजी दोस्तांच्या, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या, आरमाराला ही सामुद्रधुनी ओलांडता आली नाही, आणि ही दोन पदे तुर्कांच्या तोंडी कायमची बसली. परक्याच्या पुस्तकावर घरचा जयघोष शीर्षक म्हणून आला, की पहिले पान उघडण्याआधीच वाचकाची बाजू ठरून जाते. हा बदल मला मजकुरातल्या कोणत्याही फेरफारापेक्षा मोठा वाटतो.

पण तुर्की वाचक तेवढ्यावर थांबलेला नाही. सिडनीच्या मार्कस झुसाक यांची २००५ची ‘द बुक थीफ’ तिथे ‘किताप हिर्सिझि’ झाली. यातला ‘किताप’ म्हणजे आपलाच ‘किताब’. नाझी जर्मनीतल्या लीझेल या मुलीची ही कथा साक्षात मृत्यू सांगतो, आणि आपला खरा प्रश्न इथे सुरू होतो. तुर्कीत व्याकरणातले लिंग नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी ‘ओ’ हे एकच सर्वनाम आहे, आणि ‘गेल्दिम’ (मी आलो किंवा आले) या रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही, त्यामुळे इंग्रजीतली संदिग्धता तिथे आपसूक टिकते. मराठीत मात्र निवेदकाने ‘मी आलो’ म्हणायचे की ‘मी आले’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते.

तुर्की भाषा उलट दुसऱ्याच ठिकाणी अडवते. स्वतः पाहिलेली गोष्ट ‘गेल्दी’ (आला) अशी सांगतात, तर ऐकून किंवा खुणांवरून कळलेली ‘गेल्मिश’ (आला म्हणे) अशी. आपण ‘म्हणे’ हा वेगळा शब्द जोडतो ते काम तिथे क्रियापदाचा प्रत्यय करतो. या कादंबरीतला मृत्यू काही प्रसंगी स्वतः हजर असतो, पण बरीचशी कथा त्याला लीझेलने लिहिलेल्या वहीतून कळलेली असते. अशा निवेदकाला साक्षीदाराचा भूतकाळ द्यावा की ऐकीव, हा इंग्रजीत न पडणारा प्रश्न तुर्की भाषांतरकाराला जवळजवळ प्रत्येक पानावर पडतो. सगळीकडे ‘गेल्दी’ वापरले तर मृत्यू सर्वज्ञ वाटू लागतो, आणि ‘गेल्मिश’ फार झाले तर कथेला लोककथेचा सूर येतो, कारण तुर्की परीकथा याच रूपात सांगितल्या जातात.