मिडी रेकॉर्डरमध्ये स्वर अडकतात आणि लय सरकते: काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या सुगम संगीताच्या कार्यक्रमांत लॅपटॉप न्यायला नको म्हणून ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि एसडी कार्डावर मिडी रेकॉर्डर (कीबोर्डकडून येणारे स्वरांचे संदेश साठवून पुन्हा वाजवणारा) बनवलाय. पण मींडेच्या जागी स्वर अडकून राहतात आणि गाणं संपेपर्यंत लय क्लिकपासून, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यापासून, सरकते. कीबोर्ड बदलायची घाई करू नका, दोष बहुतेक प्रोग्रॅममध्येच सापडेल.

अडकलेला स्वर म्हणजे हरवलेला नोट-ऑफ (स्वर थांबवण्याचा संदेश). मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ३,१२५ बाइट. एसडी कार्ड लिहिताना मधेच थबकतं आणि तो थांबा २५० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या वेळात ७८० बाइट येऊ शकतात. आर्डुइनोमधून ईएसपी३२ वापरताना सिरियलचा बफर (आलेले बाइट वाचेपर्यंत ठेवायची जागा) मुळात २५६ बाइटचा असतो, तो ८२ मिलिसेकंदांत भरतो. साध्या वादनात हे कळतही नाही. पिच बेंडचं (मींड काढायचं) चाक फिरवलं की मात्र संदेशांची रांग लागते, बफर ओसंडतो आणि त्यात नोट-ऑफही जातो. म्हणून नेमकं मींडेलाच हे होतं.

बफर २,०४८ बाइटचा करा. ती ओळ सिरियल सुरू करण्याआधी हवी, नंतर लिहिली तर लागू होत नाही. पण एवढ्याने भागणार नाही. स्वर वाचतील, तरी कार्ड थबकलेलं असताना आलेल्या संदेशांवर वेळेची नोंद उशिरा पडेल आणि ऐकताना ते स्वर एकदम कोसळल्यासारखे वाजतील. ईएसपी३२ला दोन कोर आहेत. एकावर फक्त बाइट वाचणं आणि वेळ नोंदवणं ठेवा, दुसऱ्यावर कार्डाचं लिखाण, मधे क्यू, म्हणजे संदेशांची रांग. लिहितानाही ५१२ बाइट साठल्यावर एकदम लिहा.

आता बाइट वाचणारा भाग. बरेच कीबोर्ड रनिंग स्टेटस वापरतात: स्टेटस बाइट (संदेश कोणता ते सांगणारा) पुन्हा न पाठवता नुसता डेटा येतो, तेव्हा आधीचा स्टेटसच धरायचा. व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) शून्य असलेला नोट-ऑन (स्वर सुरू करण्याचा संदेश) हा नोट-ऑफच समजा. शिवाय २४८ आणि त्यापुढचे बाइट, म्हणजे क्लॉक (लयीचे ठोके), ॲक्टिव्ह सेन्सिंग (जोडणी चालू असल्याची खूण) वगैरे, दुसऱ्या संदेशाच्या पोटातही येतात. त्यांनी रनिंग स्टेटस पुसला जाता कामा नये.

लय सरकण्याचं कारण बहुधा पूर्णांकात आहे. १२० टेंपोला, एका मात्रेत ४८० टिक (वेळेचे बारीक भाग) धरले तर एक टिक १,०४१.६७ मायक्रोसेकंदांचा होतो. अपूर्णांक छाटून १,०४१ धरलात की ५ मिनिटांत सुमारे ०.२ सेकंदाचा फरक पडतो, आणि तबलजीला तो लगेच खटकतो. वाजवताना दोन घटनांमध्ये डिले वापरू नका, प्रत्येक वेळी संदेश पाठवायचा वेळ त्यात मिळत जातो. गाणं सुरू झाल्याच्या क्षणापासून प्रत्येक घटनेची वेळ मोजा, आणि भागाकार सगळ्यात शेवटी करा.

मधेच थांबवल्यावर आधी सस्टेन (स्वर धरून ठेवणारं पेडल), म्हणजे कंट्रोलर ६४, शून्य करा. पिच बेंड ८,१९२वर, म्हणजे मधल्या जागी, आणा. मग वाजत असलेल्या प्रत्येक स्वराला नोट-ऑफ पाठवा. त्यासाठी १६ चॅनेल आणि १२८ स्वरांचा बिट-तक्ता पुरतो, २५६ बाइटचा. नुसत्या कंट्रोलर १२३वर (सगळे स्वर बंद करण्याचा संदेश) विसंबू नका, सगळे कीबोर्ड तो मानत नाहीत.

जोडणीत एकच पाहा: ६एन१३८ ऑप्टोकपलरला (मिडीचा सिग्नल प्रकाशातून आत घेणारा भाग) ५ व्होल्ट पुरवठा लागतो. ३.३ व्होल्टवर चालवायचा असेल तर एच११एल१ घ्या. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून मिडीचं सॉकेट आणताना १८० अंशांचंच मागा, २४० अंशांचं पाच पिनचं सॉकेटही मिळतं आणि त्यात मिडीची केबल बसत नाही.

हे सगळं झालं की लॅपटॉपवरून भरपूर पिच बेंड असलेली फाइल रेकॉर्डरमध्ये सोडा आणि रेकॉर्ड झालेल्या फाइलमधले प्रत्येक स्वराचे नोट-ऑन आणि नोट-ऑफ मोजा. आकडे जुळले नाहीत तर बाइट अजून कुठेतरी सांडताहेत.