सेन्सर दिसतो, पण ड्रायव्हर लागत नाही

प्रश्न : इंटेल प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर लिनक्स आहे. आयटूसी बसवर (चिप्स जोडायच्या दोन तारांच्या मार्गावर) टीएमपी७५ तापमान सेन्सर जोडला. आयटूसीडिटेक्टमध्ये (बसवरचे पत्ते तपासणाऱ्या आज्ञेत) हेक्स ४८ वर तो दिसतो, त्याचा ड्रायव्हर असलेलं एलएम७५ मॉड्यूलही लोड केलं, तरी तापमान येत नाही. हाच सेन्सर रास्पबेरी पायवर ओव्हरले (हार्डवेअरच्या वर्णनाची पुरवणी) लावताच चालला होता.

उत्तर : जोडणीत बहुधा दोष नाही. तरी आधी खात्री करा : सेन्सर ज्यावर आहे त्या आयटूसी अडॅप्टरच्या (कंट्रोलरच्या) ‘न्यू_डिव्हाइस’ फाइलीत चिपचं नाव आणि पत्ता लिहा. रीडिंग आलं तर वायर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. हा उपाय मात्र रीबूटपर्यंतच टिकतो.

खरी अडचण वर्णनाची आहे. पीसीआय किंवा यूएसबीचं उपकरण स्वतःचा क्रमांक सांगतं. आयटूसीवरची चिप फक्त पत्त्याला ‘ओ’ देते. एडीएस१११५ हा एडीसी (व्होल्टेजचे अंक करणारी चिप) सुद्धा हेक्स ४८ वरच बसतो, मग कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ओळखायचं कसं? ते फर्मवेअरने सांगायचं असतं. पायवर ओव्हरलेने डिव्हाइस ट्रीत, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाच्या यादीत, नोड घातला. तुमच्या बोर्डावर हेच काम फर्मवेअरचे एसीपीआय तक्ते करतात, आणि त्यांत या सेन्सरची नोंदच नाही.

एसीपीआयमध्ये कर्नल उपकरणाचा एचआयडी (ओळख क्रमांक), आणि असल्यास सीआयडी (सुसंगत उपकरणाचा क्रमांक), ड्रायव्हरच्या यादीशी अक्षरशः ताडून बघतो. एलएम७५ मध्ये डिव्हाइस ट्रीची नावं आहेत, एसीपीआयची नाहीत. अशा वेळी पीआरपी०००१ हा खास एचआयडी वापरायचा. तो दिसला की कर्नल ‘कम्पॅटिबल’ गुणधर्म वाचून ड्रायव्हरच्या डिव्हाइस ट्री यादीतच शोध घेतो.

तेव्हा एक छोटा एसएसडीटी, म्हणजे पुरवणी एसीपीआय तक्ता, लिहा. एचआयडी पीआरपी०००१, डीएसडीमध्ये (उपकरणाच्या गुणधर्मांच्या भागात) ‘कम्पॅटिबल’ म्हणजे टीआय, स्वल्पविराम, टीएमपी७५, सगळं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. डीएसडीचा यूयूआयडी (ठरलेला लांब ओळख क्रमांक) कर्नलच्या दस्तऐवजातून जसाच्या तसा उतरवा. एक अंक चुकला तर गुणधर्म वाचलेच जात नाहीत. सीआरएसमध्ये (उपकरण कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या भागात) पत्ता हेक्स ४८, वेग ४,००,००० हर्ट्झ, ७ बिटांचं ॲड्रेसिंग आणि कंट्रोलरचा एसीपीआय मार्ग. बहुतेकांची गाडी या मार्गापाशीच अडते. दुसऱ्या बोर्डाचा मार्ग उचलू नका. सिस्टिमच्या सिस फोल्डरमध्ये कंट्रोलरच्या ‘फर्मवेअर_नोड’खालच्या ‘पाथ’ फाइलीत तुमचा मिळेल.

आयएएसएल या एसीपीआय कंपायलरने कंपाइल करून तयार झालेली एएमएल फाइल आधी कॉन्फिगएफएसमधून (चालू कर्नलला सेटिंग देणाऱ्या फोल्डरमधून) चढवून पाहा, रीबूट लागत नाही. जमलं की ती कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय या फोल्डररचनेत ठेवून तिचा सीपीआयओ (एकत्र बांधलेली फाइल) करा आणि तो मूळ इनिटआरडीच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो त्या फाइलीच्या, आधी जोडा. हा सीपीआयओ कॉम्प्रेस करू नका, नाहीतर कर्नलला तक्ता सापडत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक डिस्ट्रो बाहेरचे तक्ते नाकारतात, तेही तपासा.

जुळणी झाली की आयटूसीडिटेक्टमध्ये ४८ च्या जागी ‘यूयू’, म्हणजे पत्ता ड्रायव्हरने घेतल्याची खूण, येईल. एचडब्ल्यूमॉनच्या (कर्नलच्या सेन्सर विभागाच्या) फाइलीत ३१५०० दिसलं तर घाबरू नका, आकडा अंशाच्या हजाराव्या भागांत असतो, ते ३१.५ अंश सेल्सिअस आहे.

प्रश्न : माझा स्वतःचा ड्रायव्हर मोडप्रोब केल्यावर (हाताने लोड केल्यावर) लगेच जुळतो, पण बूटला आपोआप लोड होत नाही.

उत्तर : जुळवणं कर्नलचं काम, मॉड्यूल शोधून लोड करणं यूडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं. यूडेव्ह तुमची सी फाइल वाचत नाही, डेपमॉड या आज्ञेने केलेली अलायसची, म्हणजे कोणत्या उपकरणाला कोणतं मॉड्यूल याची, यादी वाचतो. मॉडइन्फोमध्ये (मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत) ‘अलायस’ची ओळ नसेल तर मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल हा मॅक्रो राहून गेला आहे. ओळ असेल तर नवं मॉड्यूल कॉपी केल्यावर डेपमॉड चालवलं होतं का, ते बघा.