आईला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे पण खोकला नाही, बेडका पडत नाही, मग सीटी स्कॅनमध्ये म्युकस प्लग (श्वासनळीत अडकलेले कफाचे बूच) कसे आले?
बेडका पडत नसला तरी कफ आत अडकून बसू शकतो, सीओपीडीत हे बऱ्याच जणांत दिसतं. मी लातूरला छातीची फिजिओथेरपी करते, चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या अशा बायका लई येतात. धुरानं श्वासनळीतली कफ वर ढकलणारी बारीक लव खराब होते, कफ बनवणाऱ्या ग्रंथी वाढतात, नळीची भिंत जाड होते, मग चिकट कफ बारक्या नळीत बुचासारखा बसतो अन् खोकून हलतच नाही. २०२३ मध्ये जामा या अमेरिकेतल्या वैद्यकीय जर्नलला आलेल्या सीओपीडीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात असे प्लग असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, पण प्लगमुळंच मृत्यू होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. रिपोर्ट छातीच्या डॉक्टरला दाखवाच, एकाच जागी प्लग असेल तर गाठ किंवा टीबी नाही ना हे बघावं लागतं, अन् मेडिकलवरून खोकला दाबायचं सिरप आणून देऊ नका.