उपग्रहाच्या रात्रीच्या फोटोत किनारा उजळ दिसतो, मग गुहागरहून तारे दिसतील का?

दिसतील, नक्की. त्याच फोटोत मुंबईचा मोठा पांढरा डाग बघा. रत्नागिरीकडे येईपर्यंत सुटे ठिपके उरतात आणि पश्चिमेला काळा समुद्र. हाच आपला खजिना. अमावास्येच्या आसपास जा, गावच्या दिव्यांकडे पाठ करून किनाऱ्यावर बसा, अर्धा तास मोबाईल बंद. डोळे अंधाराला सरावले पाहिजेत.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर ओमेगा सेंटॉरी शोधा. साध्या दुर्बिणीतून धुरकट कापसासारखा दिसणारा तो लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे! दमट हवेत उजेड जास्त पसरतो, म्हणून आकाशगंगेसाठी पावसानंतरची कोरडी, निरभ्र रात्र निवडा. आणि अंगणातल्या दिव्याला वरून झाकण लावा, कळकळीची विनंती.