पुठ्ठ्याची चकती आणि अडीच लाखांचं कोटेशन

"ताई, नमस्कार. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, माझं सियागंजात हार्डवेअरचं दुकान आहे. दिवाळीत पुण्याहून आलेला माझा भाचा एअरगनवर लावायची एक दुर्बीण हिच्याकडे ठेवून गेला, तेव्हापासून हिला नेमबाजीचं वेड लागलंय. व्हिडिओ बघून 'फील्ड टार्गेट' खेळायचं म्हणते. त्यासाठी पीसीपी (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल आणि मोठी दुर्बीण मिळून अडीच लाखांचं कोटेशन आलंय. पैसे उभे करीन. पण यातून क्रीडा कोट्यात नोकरी लागेल का? शिवाय अभ्यासाच्या वेळात गच्चीवर बसून पुठ्ठ्याच्या चकत्या कापते आणि त्यांवर आकडे लिहिते. त्याचं काय करावं? – एक वडील, इंदूर"

नमस्कार भाऊ,

आधी कोटेशनचं सांगते. ते गल्ल्याखालच्या खणात ठेवून द्या. महाग आहे म्हणून नव्हे. तुम्हाला जो खेळ हवाय (नोकरीवाला) आणि लेकीला जो खेळ आवडलाय (व्हिडिओतला), ते दोन वेगळे खेळ आहेत. दोन्हींत एअर रायफल असते, दोन्हींत ४.५ मिलिमीटरचा छर्रा असतो, म्हणून बाहेरून एकच वाटतात. पण एकाची नियमावली दुसऱ्याच्या सामानाला दारातच अडवते.

लेकीचा खेळ आधी बघू. फील्ड टार्गेट मोकळ्या मैदानात, झाडाझुडपांत खेळतात. पक्ष्या-प्राण्यांच्या आकाराचे पत्रे उभे केलेले असतात आणि प्रत्येक पत्र्याला एक गोल भोक. छर्रा भोकातून आत गेला तर मागचा पट्टा ढकलला जाऊन पत्रा पडतो, कडेला लागला तर उभाच राहतो. भोक १५ ते ४० मिलिमीटरचं, आणि पत्रा साधारण ९ मीटरपासून ५० मीटरपर्यंत कुठेही. किती लांब आहे ते कुणी सांगत नाही. लेझरने अंतर मोजणारं यंत्र नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रायफलची ताकद १२ फूट-पाउंडांच्या, म्हणजे १६.२७ जूलच्या, वर जाता कामा नये. एवढ्या ताकदीत नेहमीचा हलका छर्रा सेकंदाला २४० मीटरच्या आसपास सुटतो आणि लांब जाताना चांगलाच खाली येतो. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला: पत्रा ५० मीटरवर असताना तुम्ही तो ४५ वर धरलात, तर छर्रा सुमारे ३ सेंटीमीटर खाली लागतो. सगळ्यांत मोठ्या भोकाचाही मध्यापासून कडेपर्यंतचा भाग २ सेंटीमीटरच. हात कितीही स्थिर असो, अंतर चुकलं की संपलं.

आता नोकरीवाला खेळ. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल. इथे अंतर नावातच आहे, त्यामुळे अंदाज करायला काही उरतच नाही. दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडं, बस्स. (अपवाद धावत्या लक्ष्याच्या प्रकाराचा. तिथे दुर्बीण चालते, पण तीही ४ पटींपर्यंतच. भाच्याच्या दुर्बिणीला तिथेही जागा नाही.) दहा गुणांचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, छर्रा त्याच्या नऊपट जाड. साठ गोळ्या, सव्वा तास, उभ्याने.

यातली नियमांची कटकट दुकानदार सांगत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते. रायफल साडेपाच किलोच्या वर नको. जॅकेटचं कापड एकेरी २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि ते किती ताठ आहे हेसुद्धा यंत्राने तपासतात. बुटाचा तळवा वाकतो की नाही, ते बघतात. हवेचं सिलिंडर बनून दहा वर्षांपेक्षा जुनं नको आणि ती तारीख बघायची जबाबदारी खेळाडूची. स्पर्धा झाल्यावरही कुणालाही पुन्हा तपासणीला बोलावतात आणि तेव्हा नापास झालं तर सगळे गुण पाण्यात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी हौसेने जुनं परदेशी जॅकेट स्वस्तात घेतलं होतं. घरी मोजायचं कुणाला सुचलं नाही. राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणीत ते जाड निघालं, पोरगं दुसऱ्याचं ढगळ जॅकेट घालून उभं राहिलं आणि त्याचं काय झालं ते लिहीत नाही. हे सगळं जॅकेटने खेळाडूला उभं धरू नये, त्याने स्वतः उभं राहावं म्हणून आहे. पण घेणाऱ्याने हे समजून मगच पाकीट काढावं.

क्रीडा कोट्याचं उत्तर यातच आलं. फील्ड टार्गेट ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धांत नाही. कोट्याची भरती मान्यताप्राप्त खेळांतल्या प्रमाणपत्रांवर होते. ऑलिंपिकमधल्या नेमबाजीला तो रस्ता खरा आहे. कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर थ्री पोझिशनचं (तीन पवित्र्यांतून मारायच्या रायफल प्रकाराचं) कांस्य घेऊन आला. आपल्या बाजूचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर खरगोन जिल्ह्यातल्या खेड्यातून भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत गेला आणि ऑलिंपिकपर्यंत पोचला. लष्कराची मार्क्समनशिप युनिट तर आपल्या महूलाच आहे. लंडनला रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथेच घडला. पण याच रस्त्यावरचा दुसरा आकडाही ऐका. पॅरिसला १० मीटर एअर रायफलमध्ये इलावेनिल वालारिवनने ६३०.७ गुण केले (इथे गुण दशांशात मोजतात). गोळीमागे सरासरी १०.५ च्या वर! तरी ती दहावी आली आणि अंतिम फेरी आठ जणींचीच असते. एवढ्या उंचीवर गर्दी किती आहे ते यावरून कळेल. "नोकरी लागेल का" याला मी हो म्हणणार नाही. दहावीत बरे मार्क मिळाले म्हणून "आयआयटी लागेल का" विचारावं, तसं होईल ते.

तर भाऊ, तुमच्यासाठी एवढंच: इंदुरात १० मीटरच्या रेंज आहेत. एखाद्या रेंजवर तीन-चार महिने त्यांचीच रायफल घेऊन तिला शिकू द्या. आठवड्यातले तीन दिवस पुरेत. अंधुक ठिपक्याकडे बघत तासभर उभं राहण्याचा कंटाळा येतो की नाही, ते तेवढ्यात कळेल. बहुतेकांना येतो, त्यात कमीपणा काही नाही. तिला नाही आला आणि प्रशिक्षकांनी स्वतःहून राज्य स्पर्धेचा विषय काढला, तर मग रायफलचा विचार करा, तोही दहा मीटरच्या रायफलचा. तिथून पुढे मावळंकर स्पर्धा आणि मग राष्ट्रीय. (ही स्पर्धा ज्यांच्या नावाने आहे ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती त्यांनीच, आणि जन्म बडोद्याचा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी काय काय करून ठेवलंय, ते आपल्यालाच माहीत नसतं.) भोपाळच्या अकादमीची प्रतिभा चयन चाचणी निघाली तर तिला जरूर पाठवा, त्याला बंदूक विकत घ्यावी लागत नाही.

आणि गच्चीवरून एकही छर्रा सुटता कामा नये. कायद्याने २० जूलपर्यंतची ४.५ मिलिमीटरची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. १६ जूलचा छर्रा डोळा फोडायला पुरेसा आहे. लोकमान्य नगरात गच्चीला गच्ची लागलेली, पलीकडे कुणाच्या काकू पापड वाळत घालताहेत, संक्रांतीला पतंगवाली पोरं कठड्यावर. रायफल घरात आलीच, तर रेंजवरच सुटेल आणि घरी कुलपात राहील, हे आधी ठरवा.

आता त्या चकत्या. तुम्ही पत्राच्या शेवटी तक्रार म्हणून एक ओळ लिहिलीत, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले. पुढचं कृपा करून लेकीला वाचायला द्या.

बाळ, तू जे करते आहेस ते काय आहे, ते तुझ्या बाबांना कळलेलं नाही आणि बहुधा तुलाही अर्धंच कळलं असेल. दुर्बिणीच्या बाजूचं फोकसचं चाक फिरवायचं, चित्र लख्ख झालं की थांबायचं आणि चाकावर त्या अंतराची खूण करायची. चाक लहान म्हणून त्यावर पुठ्ठ्याची मोठी चकती बसवायची. फील्ड टार्गेटवाले अंतर ओळखतात ते असंच. त्यांच्या चकत्या ॲल्युमिनियमच्या असतात, एवढाच फरक. माझा अंदाज, तुझ्या चकतीवर १० आणि १५ च्या खुणा ऐसपैस बसल्या असतील आणि ४५ आणि ५० च्या एकमेकींना चिकटल्या असतील. तू हात चुकला समजून पुन्हा पुन्हा नवी चकती कापत असशील. हात चुकलेला नाही. दहावीत पाठ केलेलं भिंगाचं सूत्र काढ, त्यात अंतर खाली आहे, छेदात. १० वरून १५ वर जाताना १/१० चं १/१५ होतं. ४५ वरून ५० वर जाताना १/४५ चं १/५०. वजाबाकी करून बघ, पहिला फरक दुसऱ्याच्या पंधरापट निघेल. चकती कितीही मोठी केलीस तरी लांबच्या खुणा जवळच्या खुणांपेक्षा दाटच राहणार. मोठ्या चकतीने फक्त तुझ्या डोळ्याला त्या वेगळ्या दिसतात.

दुसरी रीत कळली का बघ. दुर्बिणीच्या आत ठिपके असतील तर दोन ठिपक्यांमधलं अंतर एक मिल (कोन मोजायचं एक छोटं एकक). ४० मिलिमीटरचं भोक बरोबर एक मिल दिसलं तर ते ४० मीटरवर आहे. ०.८ मिल दिसलं तर ५० वर. मिलिमीटरला मिलने भागलं की मीटर. (काही दुर्बिणींत हे ठिपके एकाच ठरावीक मोठेपणावर खरे असतात, पुस्तिकेत बघून घे.) फोकस एक उत्तर देईल, ठिपके दुसरं देतील. दोन्ही जुळली नाहीत की खरी मजा सुरू होते.

बाबांना मी बंदूक घेऊ नका म्हटलंय, त्याबद्दल माझ्यावर रागाव. पण विचारते ते खरं सांग: त्या व्हिडिओत तुला पत्रा पडताना बघायला आवडतो, की पत्रा पडायच्या आधीचं ते चाक फिरवणं? पहिलं असेल तर रेंजवर जा, शीक, खेळ. दुसरं असेल, आणि चकत्यांवरून मला तसंच वाटतंय, तर तुला नेमबाजीपेक्षा मोजण्याचं वेड आहे. त्या वेडाला नोकऱ्या आहेत आणि त्या कोट्याच्या नाहीत. प्रकाशिकी, इन्स्ट्रुमेंटेशन, लेझर. देवी अहिल्या विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटेशनचा स्वतंत्र विभाग आहे. सिमरोलला आयआयटी आहे, गोविंदराम सेकसरिया कॉलेज १९५२ पासून शहरातच आहे. आणि राऊच्या बाजूला राजा रामण्णा केंद्र आहे, अणुऊर्जा विभागाचं. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ नावाची सिंक्रोट्रॉन (वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर प्रकाश काढणारी यंत्रं) आहेत. लेझर हाही तिथल्या लोकांचा मोठा उद्योग. तुझ्या शाळेची बस पोहे खायला थांबत असेल, त्याच्या थोडं पुढे. लष्करासाठी दुर्बिणी आणि नेमयंत्रं घडवणारी डीआरडीओची प्रयोगशाळा डेहराडूनला आहे. खेळाचंच शास्त्र शिकावंसं वाटलं तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ पासूनची. हे सगळं आत्ता ठरवायचं नाहीये. अकरावीचं फिजिक्स नीट कर, गणित सोडू नकोस.

भाऊ, तुमच्यासाठी एकच खरेदी सांगते आणि ती तुमच्याच दुकानात निघेल. ५० मीटरची फायबरची टेप. लेझरचं मोजमाप यंत्र ठेवत असाल तर तेही एक द्या. स्पर्धेत ते चालत नाही, पण चकतीवरची खूण खरी की खोटी, ते ठरवायला लागतंच. रविवारी सकाळी सात वाजता तिला घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानात जा, टेप पसरा, दर पाच मीटरवर एक खुंटी ठोका. बंदूक नको, नुसती दुर्बीण आणि तिवई. अभ्यासाचा वेळ बुडतो म्हणताय ना, हा प्रात्यक्षिकाचा तास धरा.

आणि बाळ, तसंच एकदा एप्रिलच्या दुपारी दोनला जा. खुंट्या त्याच, चकती तीच. दुर्बीण तापली की फोकस सरकतो, म्हणून ही मंडळी दुर्बिणीला छोटा थर्मामीटर चिकटवतात. सकाळच्या नोंदी निळ्या पेनाने कर, दुपारच्या लाल पेनाने, आणि वहीच्या त्या पानाचा फोटो मला पाठव. ३५ मीटरच्या पुढे तुझी चूक एकाच बाजूला जाते की दोन्ही बाजूंना, ते मला बघायचंय.